लॅटिन-ग्रीक धातू आणि अकरावीची इंग्रजी: मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली तुझी मुलगी अकरावी विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकांनी हबकून गेली आहे आणि रोज शब्दांची लांबलचक यादी अर्थासह घोकते आहे, हे वाचून लगेच लिहायला बसलो. ते घोकणे आधी थांबव. जे शब्द तिला जड जातात, त्यांतले बहुतेक लॅटिन किंवा ग्रीक धातूंना उपसर्ग-प्रत्यय लावून घडवलेले आहेत, आणि अशा शब्दांची फोड करण्याची सवय आपल्या व्याकरणाने तिला कधीच लावली आहे.

आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे एकाच 'हृ' धातूचे शब्द उपसर्ग बदलताच कसे वेगळे होतात, हे तिला माहीत असेलच. लॅटिनमध्ये 'स्पेक्ट' म्हणजे पाहणे. त्यावरून इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणे, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे पाहणे, रिस्पेक्ट म्हणजे मागे वळून पाहणे, म्हणून दखल घेणे व आदर करणे, आणि सस्पेक्ट म्हणजे खालून, नजर चोरून पाहणे, म्हणून संशय घेणे. हे साम्य योगायोगाचे नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडले होते. ग्रीक 'ग्नो' आणि आपला 'ज्ञा' हे सख्खे भाऊ आहेत; डायग्नोसिस (रोगनिदान), प्रॉग्नोसिस (रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज), ॲग्नॉस्टिक (अज्ञेयवादी) या सर्वांत तोच 'ज्ञा' आहे, आणि ॲग्नॉस्टिकच्या आरंभीचा नकार तर 'अज्ञ' मधल्या 'अ' चाच नातलग आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती व्याकरणातली संधी. उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, सत् अधिक जन म्हणजे सज्जन. पुढच्या व्यंजनाला भेटताच आधीचे व्यंजन त्याच्यासारखे होते. लॅटिन उपसर्गांचेही तसेच आहे. नकारार्थी 'इन' हा एलपुढे 'इल' होतो, म्हणून इल्लीगलमध्ये दोन एल. आरपुढे 'इर' होतो, म्हणून इर्रेग्युलरमध्ये दोन आर. अकॉमोडेट या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये भले भले चुकतात. त्याची फोड 'ॲड', 'कॉम' आणि माप या अर्थाचा 'मोड' अशी करावी. ॲडमधला डी पुढच्या सीला भेटून स्वतःच सी झाला, आणि कॉमच्या शेवटच्या एमपुढे मोडचा एम आला; म्हणून दोन सी आणि दोन एम. हे एकदा वहीत लिहून पाहिले की हे स्पेलिंग घोकावे लागत नाही. शाळांमधून इंग्रजी स्पेलिंग शिकवताना संधीची आठवण करून दिली जात नाही, याचे मला फार वाईट वाटते, कारण मराठी माध्यमाच्या मुलांना तिथे खरोखर आघाडी मिळू शकते.

आता तिच्या जीवशास्त्राकडे वळतो. क्लोरोफिल घे. 'क्लोरो' म्हणजे पिवळसर हिरवे आणि 'फिल' म्हणजे पान. मग 'मेसो' म्हणजे मधला हे ठाऊक असले की मेसोफिल हा पानाचा मधला थर हे आपोआप कळते, आणि झँथोफिलमध्ये फक्त 'झँथो' म्हणजे पिवळा एवढेच नवे उरते. पुढे डॉक्टरी शिकायची झाल्यास 'आयटिस' म्हणजे दाह आणि 'एक्टमी' म्हणजे कापून काढणे या दोन प्रत्ययांवर कितीतरी शब्द उलगडतील. मूत्रपिंडाला मात्र तिथे दोन नावे भेटतील: त्याच्या दाहाला ग्रीकवरून नेफ्रायटिस म्हणतात, तर त्याच्या रोहिणीला लॅटिनवरून रीनल आर्टरी.

काही ठिकाणी फसगत होते, तीही तिला आधीच सांग. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ पाय. ऑर्थोपेडिकमधला ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मूल, कारण १७४१ मध्ये निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने तो शब्द घडवला तो मुलांच्या शरीरातील व्यंगे सरळ करण्याच्या विद्येसाठी. 'कॉर' म्हणजे हृदय असले, तरी कॉरोनरी हा शब्द त्यावरून आलेला नाही. कॉरोनरी रोहिण्या हृदयाला मुकुटासारख्या वेढतात म्हणून 'कॉरोना', म्हणजे मुकुट, यावरून तो आला आहे. म्हणून धातूवरून अर्थाचा अंदाज बांधावा, तो वाक्यात बसतो का पाहावे आणि मग कोश उघडावा. हा क्रम तिने सोडू नये. शिवाय हँड, वॉटर, हाउस असे रोजचे शब्द, तसेच गिव्ह अप, पुट ऑफ यांसारखे प्रयोग मूळच्या जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-डच यांच्या कुळातल्या, इंग्रजीतले आहेत. तिथे ही विद्या फारशी कामाची नाही; ते वाचून आणि ऐकूनच अंगवळणी पडतात.

धातूंची तयार यादी मी मुद्दामच पाठवत नाही, कारण तीही ती पाठच करत बसेल. तिच्या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात अडलेले शब्द तिच्याच हाताने लिहवून मला पाठव. मी फोड करून देणार नाही, फक्त कुठे तोडायचे तेथे रेघ मारून परत पाठवीन. अर्थ तिने लावावा आणि मला कळवावा.

वहिनींना नमस्कार आणि मुलीला अनेक आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेहांकित
मित्र