एकसष्टच्या पोटातली संख्या

जालना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, ज्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच येतो, तो सर्वांत लहान वर्ग तुला कॉम्प्युटरने शोधून दिला. तो 22,61,53,980 चा वर्ग निघाला आणि बेरजेचे वर्गमूळ 1,76,63,19,049 आले. एवढी अवाढव्य संख्या केवळ योगायोगाने आली असावी, हे तुझे म्हणणे मला पटले नाही. म्हणून काल मोंढ्यातून आल्यावर रोजकिर्दीच्या जुन्या वहीचे कोरे पान घेऊन बसलो.

आधी नऊचा ताळा घेतला. मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज 46, म्हणजे शेवटी 1. लहानीची 36, म्हणजे शून्य. शून्याची 61 पट शून्यच, त्यात 1 मिळवला की 1; इकडे 1 चा वर्गही 1. ताळा जुळला. त्याने गणित सिद्ध होत नाही, पण तो चुकला असता तर पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

शेजारचे आकडे किती साधे आहेत ते पाहा: 60 साठी 4 आणि 31 पुरतात, 62 साठी 8 आणि 63. मधल्या 61 लाच कोटींत जावे लागते, हे खरोखर नवल आहे.

आता 1,76,63,19,049 मधून 1 वजा कर. उरलेली संख्या 29,718 च्या वर्गाची बरोबर दुप्पट आहे. तो वर्ग मी हाताने केला: 30,000 मधून 282 कमी, म्हणून 90 कोटींतून 1 कोटी 69 लाख 20 हजार गेले, 282 चा वर्ग 79,524 परत आला आणि 88,31,59,524 उरले. उलट मूळ संख्येत 1 मिळवलास तर 3,805 च्या वर्गाची 122 पट मिळते, म्हणजे 61 पटीची दुप्पट. आणि 3,805 च्या वर्गाला 61 ने गुणले की 88,31,59,525 येतात, वरच्या वर्गापेक्षा फक्त एकाने जास्त. त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या तेव्हा मी बराच वेळ पेन खाली ठेवून पाहत राहिलो.

यांचेही मूळ लहान आहे. 39 चा वर्ग 1521 आणि 61 गुणिले 5 चा वर्ग 1525, फरक चारचा. 39 आणि 5 यांचे अर्धे केले की फरक एकाचा होतो. मग आपला जुना गणिती ब्रह्मगुप्त याच्या ‘भावना’ नावाच्या रीतीने, म्हणजे दोन जोड्यांचा संयोग करून नवी जोडी काढण्याच्या रीतीने, त्या जोडीचा तिच्याशीच, आणि आलेल्याचा पुन्हा तिच्याशी संयोग केला की अपूर्णांक जाऊन 29,718 आणि 3,805 उरतात. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास ‘बीजगणिता’त चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच कृती फिरून फिरून करत उत्तर गाठण्याच्या रीतीने, हेच उदाहरण सोडवले. फ्रेंच गणिती फर्मा याने 1657 मध्ये फ्रान्समध्ये 61 चाच प्रश्न आव्हान म्हणून टाकला, तेव्हा त्याला हे ठाऊक नव्हते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा शिलालेख कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. तो देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळातला.

फर्माने 61 बरोबर 109 ही दिला होता. कॉम्प्युटर न लावता, एकीचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या 109 पटीपेक्षा एकाने कमी पडेल अशी संख्यांची जोडी त्यातही सापडते का ते पाहा आणि दिवाळीला येताना कागद घेऊन ये; खाडाखोड असली तरी चालेल.

तुझे,
बाबा