समाजकामाची रजा तासांत मिळू द्या

संपादक महोदय,

समाजकार्यासाठी कर्मचाऱ्यांना भरपगारी रजा द्यायची पद्धत बऱ्याच कंपन्यांत आलीय, त्याबद्दल थोडं लिहायचंय. कल्पना मला मनापासून आवडते आणि ती तशी नवीनही नाही, टिंबरलँड या बूट बनवणाऱ्या कंपनीने 1992 मध्येच वर्षाला 16 तासांचा पगारी वेळ द्यायला सुरुवात केली होती आणि पुढे तो 40 तासांवर नेला. सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी वर्षाला 7 दिवस देते. पण खूप ठिकाणी ही रजा म्हणजे वर्षातला एक ठरलेला दिवस असतो, सगळ्या टीमने एकसारखे टी-शर्ट घालून एचआरने ठरवलेल्या संस्थेत जायचं, भिंत रंगवायची नाहीतर झाडं लावायची, ग्रुप फोटो काढायचा आणि संध्याकाळी घरी. संस्थेच्या लोकांना मात्र त्या दिवशी आपलं रोजचं काम सोडून एवढ्या माणसांना पुरेल असं काम शोधत बसावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी मदतीला कोणीच नसतं.

खरी गरज कधी पडते ते बघा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ओपीडीत न्यायचं तर ती आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी असते. प्लेटलेट्सचं तर अजूनच अवघड, त्या साधारण 5 दिवसच टिकतात म्हणून भरपूर साठवून ठेवता येत नाहीत, पेशंटला लागल्या की फोन येतो आणि दात्याला तेव्हाच जावं लागतं, मशीनवर दीड-दोन तास जातात, येणं-जाणं वेगळं. आता यासाठी कोणी एचआरच्या वार्षिक कार्यक्रमाची वाट बघत बसणार का? इथे अर्धा दिवस लागतो, तोही ऐनवेळी सांगून. लहान मुलांना वाचायला शिकवण्याचंही तसंच आहे, दर आठवड्याला तोच माणूस तासभर आला तर मूल मोकळं होतं, अडलं की विचारतं. वर्षातून एकदा येणाऱ्या गर्दीसमोर ते तोंडच उघडत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ही रजा दिवसांत न देता तासांत द्या आणि ती कुठे, कधी वापरायची ते कर्मचारी आणि संस्था मिळून ठरवू देत. संस्थेकडून एक साधं पत्र किंवा मेल आला की पुरे, त्यासाठी तीन-तीन अप्रूव्हल कशाला?

दुसरी गोष्ट टार्गेटची, आणि ही मला जास्त खुपते. रजा मंजूर होते पण त्या दिवसाचं काम तसंच राहतं, मग माणूस रात्री बसून ते पूर्ण करतो, म्हणजे पगारी वेळ नावालाच मिळाला. मॅनेजरने तेवढं काम प्लॅनमधून कमी केलंच पाहिजे. शिवाय शिफ्टमध्ये, काउंटरवर, मशीनवर काम करणाऱ्यांना बदली माणूस मिळाल्याशिवाय जागा सोडता येत नाही आणि कंत्राटी लोकांना तर ही रजा बहुतेक वेळा लागूच नसते. समाजाला वेळ द्यायची इच्छा काय फक्त लॅपटॉपवाल्यांनाच असते का?

कायदा करून हे होईल असं काही जण म्हणतात. ब्रिटनमध्ये 2015 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने मोठ्या कंपन्यांतल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांना वर्षाला 3 दिवस अशी पगारी रजा द्यायचं वचन दिलं होतं, निवडणूक जिंकलीसुद्धा, पण तो कायदा काही झाला नाही. त्यामुळे त्याची वाट बघण्यापेक्षा कंपन्यांनी आपापल्या नियमात दोन-चार ओळी बदलणं लवकर होईल असं मला वाटतं.

आपल्या पेपरला एक विनंती आहे. कंपन्यांच्या अशा उपक्रमांचे फोटो आपण छापता, ते छापाच, पण एकदा कर्मचाऱ्यांना विचारून बातमी करा की ही रजा गेल्या वर्षी खरंच कोणाकोणाला घेता आली, आणि संस्थांनाही विचारा की त्यांना माणसं नेमकी कोणत्या वारी आणि किती वाजता हवी असतात.

आपली एक वाचक