ढोलकी वाजली म्हणजे तमाशापट?

मा. संपादक,
स. न.

पडद्यावर ढोलकी कडाडली की परीक्षण लिहिणारे त्या चित्रपटाला ‘तमाशापट’ म्हणून मोकळे होतात. ढोलकी, घुंगरं, कनात, फेटेवाला पाटील ही नुसती सामग्री झाली. अमेरिकी अभ्यासक रिक ऑल्टमन यांनी १९८४ साली हाच भेद मांडला: सुटे घटक वेगळे, त्यांना बांधणारी रचना वेगळी. घटक कुठेही उचलून नेता येतो. पोलिसपटात घुसवलेली लावणी कापली, तर कथेचं काहीच अडत नाही.

‘सांगत्ये ऐका’मधून (१९५९) तमाशा काढून बघा. फडावरची मुलगी बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर, उभी राहून पाटलाचं पाप गावापुढे मांडते; फड नसेल तर निवाड्याची जागाच उरत नाही. ‘पिंजरा’त (१९७२) तमाशा हुसकायला निघालेला मास्तर त्याच फडामागे जातो आणि अखेर स्वतःच्याच खुनाचा आरोपी ठरतो. एकीकडे फड गावाला उघडं पाडतो, दुसरीकडे गावाचा आदर्शच फडात बुडतो. ताण दोन्हीकडे गावाची अब्रू आणि फड यांच्यातलाच. ‘नटरंग’ (२०१०) सामग्री तीच ठेवतो, पण पैलवान गडी नाच्या होतो आणि पणाला लागतं ते त्याचं पुरुषपण. तरी फड काढला तर इथेही कथा उरत नाही, म्हणून तो तमाशापटच. जॉनर, म्हणजे चित्रपटांचे प्रकार, असेच सरकत जातात.

एकदोन चित्रपटांवरून मात्र हे कळत नाही. वेगवेगळ्या दशकांतले पाच-सहा तरी शेजारी ठेवावेत. फडात कोण येतं, कुठून येतं, काय गमावतं, परतीची वाट उरते का, हे प्रत्येकाबाबत टिपावं. उत्तरं जुळली नाहीत, नुसते पोशाख जुळले, तर ती सजावट समजावी.

निर्मात्याने लावलेलं नावही प्रमाण मानू नये. गडद वातावरणाच्या अमेरिकी गुन्हेपटांसाठी ‘फिल्म न्वार’ हे नाव फ्रेंच समीक्षक नीनो फ्रँक यांनी १९४६ मध्ये वापरलं. ते चित्रपट काढणारं हॉलिवूड त्यांना सहसा मेलोड्रामाच म्हणत होतं. आपल्याकडची पोस्टरं तर एकाच चित्रपटाला विनोदी, कौटुंबिक, थरारक असं सगळंच म्हणतात. त्यांना तिकिटं खपवायची असतात, परीक्षणाला नाही.

आपल्या पुरवणीत परीक्षणाशेजारी ‘प्रकार’ अशी चौकट असते. तिथे एका शब्दाऐवजी एक वाक्य छापता येईल: या चित्रपटाची रचना कोणत्या जुन्या चित्रपटांशी जुळते आणि कुठे फारकत घेते.

– चित्रपट अभ्यासक, कोल्हापूर