निसर्गदृश्य रेंडरिंगच्या ऑनलाइन कोर्सबाबत तक्रार आणि शुल्क परताव्याची मागणी

दिनांक: 12 जानेवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय: ‘डिजिटल निसर्गदृश्य निर्मिती’ या सहा महिन्यांच्या कोर्समधील सदोष साधन, चुकीचे मार्गदर्शन आणि मोफत सॉफ्टवेअरसाठी आकारलेले परवाना शुल्क.

महोदय/महोदया,

मी पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालो. जून 2025 मध्ये आपल्या कोर्सला प्रवेश घेतला. कोर्सची फी 24,000 रुपये आणि ‘सॉफ्टवेअर परवाना’ म्हणून वेगळे 6,500 रुपये, असे 30,500 रुपये मी एकरकमी भरले. ऑक्टोबरपासून आपल्याला सहा ईमेल पाठवले. चार ईमेलना ‘आपली तक्रार नोंदवून घेतली आहे’ एवढे आपोआप येणारे उत्तर आले, उरलेल्या दोनांना तेही नाही. म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

हा कोर्स मी का घेतला ते आधी सांगतो, नाहीतर माझे काय नुकसान झाले ते आपल्या लक्षात येणार नाही. आमचे मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, बामणोलीच्या खालच्या अंगाला होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाचे पाणी चढत गेले आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेले. आई तेव्हा ऐन विशीच्या उंबरठ्यावर होती, आज ती 82 वर्षांची आहे. माझा जन्म नव्या गावठाणातला. जुन्या गावाचा एकही फोटो आमच्या भावकीत कोणाकडे नाही. आईला मात्र सगळे लख्ख आठवते: नदीकडे उतरणारी पायवाट, नाचणीची उतरती वावरे, थंडीच्या दिवसांत वासोट्याच्या अंगाला मावळणारा सूर्य. ती असेपर्यंत हे सगळे तिच्यासमोर उभे करावे, एवढ्यासाठी वयाच्या साठीला मी नवीन विद्या शिकायला बसलो. आपल्या जाहिरातीत ‘आपल्या गावचा डोंगर हुबेहूब उभा करा’ असे लिहिले होते. मी ते वाक्य खरे मानले.

पहिली अडचण आपल्यामुळे आलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आपण धड्यात सुचवलेली जमिनीच्या उंचीची माहिती ‘एसआरटीएम’ या अंतराळ मोहिमेची आहे. फेब्रुवारी 2000 मध्ये एंडेव्हर या अंतराळयानाने 11 दिवस रडार फिरवून ती गोळा केली. 2000 साली आमचे गाव पाण्याखाली होते आणि रडारला पाण्याचा पृष्ठभागच दिसतो, त्यामुळे त्या माहितीत आमच्या खोऱ्याच्या जागी एक सपाट पत्रा आहे. गाव तिथे नाहीच. मग मी धरणापूर्वीच्या टोपोशीटची (भूरूप दाखवणाऱ्या नकाशाची) प्रत मिळवली, इंचाला मैल प्रमाणाची, दर 50 फुटांवर कंटूर, म्हणजे समान उंचीची रेषा, असलेली. सगळे आयुष्य कंटूर काढण्यातच गेलेले असल्यामुळे हे काम मला जड नव्हते. ‘क्यूजीआयएस’ या नकाशांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये एकेक रेषा गिरवून घेतली, फुटांचे मीटर केले आणि त्यातून हाइटमॅप, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला जमिनीची उंची नोंदवणारी प्रतिमा, तयार केला. अडीच महिने लागले. पश्चिमेला कोकणातल्या पायथ्यापासून ते सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत सुमारे 1200 मीटरचा चढउतार त्यात नीट बसला होता.

आता मूळ तक्रार. कोर्सबरोबर आपण एक रूपांतर-साधन देता. धडा क्रमांक 9 मध्ये मार्गदर्शक स्पष्ट सांगतात की, स्वतःचा कुठलाही हाइटमॅप या साधनातूनच काढून घ्या, नाहीतर असाइनमेंट स्वीकारली जाणार नाही. मी तसेच केले आणि रेंडर करून, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून, पाहिले. नदीकाठची सगळी उतरती जमीन पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागली, तासून काढल्यासारख्या सरळ कडांची. आईला स्क्रीनवर दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ह्ये काय, नदीला घाट बांधलाय व्हय? आपल्याकडं असा घाट नव्हता.”

मी ती प्रतिमा मार्गदर्शकांना पाठवली. त्यांचे उत्तर माझ्याकडे जपून ठेवलेले आहे: “सर, सह्याद्री तसाही पायऱ्यांचाच असतो. छान दिसतंय, पुढच्या धड्याकडे वळा.”

माझा सगळ्यात मोठा आक्षेप या उत्तराला आहे. सह्याद्री पायऱ्यांचा आहे हे खरे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यातून तो घडला. कठीण पाषाणाचा थर कड्यासारखा उभा राहतो, त्याच्यामधला ठिसूळ थर झिजून उतार होतो आणि त्या उतारावर रान वाढते. पण हे थर एकसारख्या जाडीचे नसतात. एक पाच-दहा मीटरचा, तर दुसरा त्याच्या कितीतरी पट जाड. शिवाय डोंगराच्या या पायऱ्या नदीकाठच्या मळीत किंवा नाचणीच्या वावरात येतील कशा? माझ्या रेंडरमधल्या पायऱ्या कड्यावर आणि शेतात सारख्याच होत्या, अगदी मोजून मापून. सुमारे पावणेपाच मीटरची एक.

त्या आकड्यानेच मला वाट दाखवली. 1200 ला 256 ने भागले की 4.69 येते. डिसेंबरमध्ये एका रात्री मी आपल्या साधनातून बाहेर आलेली फाइल पुन्हा क्यूजीआयएसमध्ये उघडली. तिच्यात 0 ते 255 एवढेच आकडे होते. मी दिलेली फाइल सोळा-बिटांची होती, म्हणजे उंचीच्या 65,536 पातळ्या, 1200 मीटरांत दर पातळी दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी. आपले साधन कसलीही सूचना न देता तिची आठ-बिटांची, म्हणजे फक्त 256 पातळ्यांची, जेपेग करून टाकते. जेपेग फोटोसाठी चालते, उंचीसाठी नाही. 8 बाय 8 पिक्सेलच्या ठोकळ्यांत ती माहिती दाबते आणि त्या ठोकळ्यांच्या कडा माझ्या डोंगरउतारावर चौकटीसारख्या उमटल्या होत्या. शंभर मीटरला जेमतेम पाच मीटर चढणारे वावर या हिशेबात एक-दोन पायऱ्यांवरच सपाट होऊन बसते. मी अडीच महिने गिरवलेले कंटूर आपल्या साधनाने दोन सेकंदांत पुसले, आणि दोष डोंगराच्या माथी मारला गेला.

ऑक्टोबर ते डिसेंबर मी स्वतःचीच चूक शोधत होतो. कंटूर दोनदा नव्याने तपासले, जमिनीची झीज दाखवणाऱ्या इरोजन फिल्टरच्या सेटिंगमध्ये नको नको ते बदल केले, रात्र-रात्र रेंडर लावून ठेवले. मार्गदर्शकाच्या वैयक्तिक सल्ल्याचे 10 तास आपण जाहिरातीत दिले आहेत, त्यातले मला एकूण पन्नास मिनिटे मिळाली. बाकीच्या धड्यांबद्दल फार लिहीत नाही. बारापैकी बहुतेक धडे तयार प्रीसेटमधल्या हिमशिखरांवर आणि पाईनच्या झाडांवर आहेत, जांभ्याचा सडा किंवा पावसाळ्यातले धुके कसे आणायचे याचा एक शब्दही नाही.

परवाना शुल्काबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. कोर्स ‘व्ह्यू’ या सॉफ्टवेअरवर आहे. ते बनवणाऱ्या ई-ऑन सॉफ्टवेअरने 2024 मध्येच व्ह्यूचा पुढील विकास थांबवत असल्याचे जाहीर केले आणि शेवटची आवृत्ती सर्वांसाठी मोफत खुली केली. बंद झालेले सॉफ्टवेअर शिकवण्यात मला गैर काही वाटत नाही, साधन चांगले आहे आणि प्रकाश-वातावरणाची जाण त्यातून चांगली येते. पण जी वस्तू जून 2025 मध्ये कोणालाही फुकट मिळत होती, तिच्या ‘परवान्या’चे 6,500 रुपये आपण कशाबद्दल घेतले? पावतीवर दुसरे काहीही लिहिलेले नाही. सॉफ्टवेअरचा विकास थांबला आहे, हेही प्रवेशाच्या वेळी सांगितले गेले नाही. ते कळले असते तर टेराजेनसारखा दुसरा पर्याय मी निदान विचारात घेतला असता.

शेवटी मी आपले साधन बाजूला ठेवले आणि मूळ सोळा-बिट फाइल थेट व्ह्यूमध्ये घेतली. पायऱ्या गेल्या. वावरांचा उतार उतारासारखा दिसू लागला, नदीचे वळण आले, पलीकडे वासोट्याचा कडा उभा राहिला. सूर्य डिसेंबरच्या संध्याकाळचा लावला. आईने चष्मा पुसून परत लावला, स्क्रीनजवळ सरकली आणि पायवाटेच्या वळणावर बोट ठेवून म्हणाली, “इथं आंबा पायजे. मोठा हुता.” तो आंबा मी आता लावतो आहे.

माझे काम मार्गी लागले म्हणून तक्रार मिटत नाही. मी आरेखक होतो म्हणून 4.69 हा आकडा माझ्या नजरेत भरला. कोर्सच्या गटात माझ्याबरोबर कॉलेजची मुले आहेत, त्यांच्यातल्या तिघांच्या रेंडरमध्ये मी अगदी असल्याच पायऱ्या पाहिल्या आहेत. त्यांनाही ‘छान दिसतंय’ असेच सांगितले गेले आहे. ती मुले आता हीच चूक घेऊन नोकरीच्या मुलाखतीला जातील.

माझ्या मागण्या अशा आहेत. परवाना शुल्काचे 6,500 रुपये पूर्ण परत करावेत. सदोष साधन आणि न मिळालेले मार्गदर्शन यांपोटी फीपैकी निम्मी, म्हणजे 12,000 रुपये परत करावेत. जे धडे उपयोगी पडले त्यांचे पैसे मी मागत नाही. रूपांतर-साधन सोळा-बिट फाइल जशीच्या तशी राखेल असे दुरुस्त करावे आणि धडा 9 नव्याने रेकॉर्ड करावा. आणि मला पैशांपेक्षाही महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे, या कोर्सच्या आजवरच्या सर्व विद्यार्थ्यांना या दोषाबद्दल आपल्याकडून लेखी कळवले जावे, त्यांच्या अडलेल्या असाइनमेंट पुन्हा तपासल्या जाव्यात.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटी आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. दोन्ही फाइली, साधनात घालण्यापूर्वीची आणि नंतरची, मी आपल्या तांत्रिक विभागाला कधीही पाठवायला तयार आहे. त्यांनी त्या शेजारी शेजारी उघडून पाहाव्यात, पाच मिनिटे पुरतील.

आपला विश्वासू,
(सही)
विद्यार्थी, जून 2025 ची तुकडी

सोबत: दोन्ही पावत्यांच्या प्रती, जाहिरातीची प्रत, मार्गदर्शकांच्या उत्तराची प्रत, सहा ईमेल, दोषयुक्त व दुरुस्त रेंडर प्रत्येकी एक.