मंत्रीसाहेब, शेतीचे प्रकार आम्हाला शिकवू नका

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या तालुक्यातल्या मेळाव्यात आपण कोरडवाहू, बागायती, सेंद्रिय, मिश्र असे शेतीचे प्रकार समजावून सांगितलेत. विदर्भाचा शेतकरी कापूस-सोयाबीन सोडत नाही, असा ठपकाही ठेवलात. त्याच मांडवात गेल्या वर्षी दिवसा वीज द्यायचा शब्द दिला होता, तो मात्र आपल्याला आठवला नाही.

त्या रात्रीही लाइन साडेबाराला आली. आमच्या घरच्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मोटर सुरू करायला वावरात मीच जाते. संत्र्याच्या आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याला, पाणी चुकलं की फळगळ होते, ती तुमचं वेळापत्रक बघत नाही. धुऱ्यावर साप असतो, बिबट्याची धास्ती वेगळी. सकाळी पोरांचे डबे, मग निंदण. झोपायचं केव्हा, तेवढं पुढच्या भाषणात सांगा. कोराडी-खापरखेड्याला वीज तयार होते आमच्याच जिल्ह्यात. राख आम्हाला, उजेड दुसऱ्यांना!

पीक बदला म्हणता. सासऱ्यांच्या काळात ज्वारी होती. भाव मिळेना, पाखरं राखायला माणूस मिळेना, गेली. राज्यातली ८०-८२ टक्के शेती पावसावर. त्यात आमची काळी जमीन, झड लागली की चिबडते, पावसाने दडी मारली की भेगाळते. पऱ्हाटीचं म्हणजे कापसाच्या झाडाचं, तुरीचं मूळ खोल जातं म्हणून ती तग धरतात. विहीर आटलेल्या वावरात दुसरं काय लावू, स्ट्रॉबेरी?

बरं, कापूस पिकवला तर २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने ११ टक्के आयात शुल्कच काढलं, ऐन आमचा कापूस घरी यायच्या तोंडावर. संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बांगलादेशाने शुल्क वाढवलं तेव्हा त्या मानांकनाने एक पेटी तरी विकली का? व्यापारी बागेकडे फिरकेना.

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची. ३७२ कोटींचा प्रकल्प १८ हजार कोटींच्या वर गेला. त्याचं पाणी आमच्या बाजूला येत नाही, पण पैसा विदर्भाच्या नावानेच गेला ना? दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे विकासात कोणता भाग किती मागे राहिला ते, मोजून दिला. तुम्ही दर हिवाळ्यात अधिवेशनाला येता, हुरडा खाता, मुंबईला जाता.

आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, सकाळी आठ ते चार लाइन द्या, आणि कधीपासून ते लिहून द्या. मेळाव्याचं निमंत्रण नको, त्या दिवशीची मजुरी बुडते.

काटोल तालुक्यातली एक संत्रा उत्पादक