आठ ढेपांचं गणित

मार्केट यार्डातल्या हमालमामांना,
नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सांगलीतल्या गुळाच्या अडतीवर त्या दुपारी जिच्या हातून ढेप फुटली ती बाई मी, आणि वही घेऊन उभी होती ती माझी मुलगी.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिचा तक्ता तयार होता : 'ताकदवान कोण?' वर खिलार बैल, खाली शेणकिडा. ऑन्थोफॅगस टॉरस नावाचा हा किडा जेमतेम सेंटीमीटरभर. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्याच्या पाठीला दोरा चिकटवला, तो कप्पीवरून सोडून टोकाला इवलीशी बादली बांधली आणि तिच्यात थेंब थेंब पाणी टाकत गेले. सगळ्यात तगड्या नराने स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढ पेलली. शेणाखालच्या बिळात मादीसाठी नरांची रेटारेटी चालते, तिथे ही ताकद लागते. गंमत म्हणजे 'टॉरस'चा अर्थही बैलच.

सगळं पाठ होतं. पण सरावाच्या वेळी कुणी "असं का?" विचारलं आणि पोरगी गप्प. मी बी. कॉम., मीही गप्प.

गूळ घेताना ती हेच कुरकुरत होती. तुम्ही पाठीवरचं पोतं थप्पीला लावलंत आणि म्हणालात, "थप्पी उंच झाली की खालचं पोतं का फुटतं, सांग बघू?" मग किलोकिलोच्या चौकोनी ढेपा मांडल्यात. एक ढेप. मग दोन लांब, दोन रुंद, दोन उंच. "वजन किती झालं? आठपट. जमिनीला किती टेकल्यात? चारच."

तिचे डोळे चमकले ते मी पाहिलं. स्नायूचं तेच आहे. ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर ठरते, आणि मुंगीचा स्नायू काही बैलाच्या स्नायूपेक्षा फार निराळा नसतो. जनावर सगळ्या बाजूंनी दुप्पट झालं की ताकद चौपट, वजन मात्र आठपट. बैलाची बरीच ताकद स्वतःलाच पेलण्यात जाते. मुंगी बैलाएवढी केली तर तिचे पाय तिच्याच भाराने मोडतील. गॅलिलिओने १६३८ सालच्या पुस्तकात हाडांबद्दल हेच मांडलं होतं, हे आम्ही घरी येऊन वाचलं.

तक्त्यातली एक चूकही तुम्हीच काढलीत. तिने उसाच्या गाडीचं वजन बैलजोडीच्या नावावर लावलं होतं. "गाडीला चाकं हायेत की, पोरी. चाकं काढ, मग बघू." आम्ही तो आकडा खोडला.

शेवटी तुम्हाला काट्यावर उभं केलं, ५२ किलो. त्या किड्याच्या हिशोबाने तुम्ही ५९ टन, म्हणजे भरलेले दोन दहाचाकी ट्रक ओढायला हवेत! "मग शेठला ट्रक कशाला लागला असता?" म्हणालात आणि पुढच्या पोत्याला खांदा दिलात. गाडी खाली व्हायची होती, तरी आमच्यापायी अर्धा तास मोडलात. फुटलेल्या ढेपेचे पैसेही घेऊ दिले नाहीत.

प्रदर्शनात तिने ढेपाच मांडल्या. नंबर नाही आला. पण परीक्षकांनी "का?" विचारलं तेव्हा ती इतकी बोलली, की त्यांनाच थांबवावं लागलं.

आता घरात आठ किलो गूळ आहे. संक्रांतीला तिळगूळ घेऊन अडतीवर येतो. तेव्हा नाव सांगा.

तुमची,
ढेप फोडणारी ताई