मशीन आली, पाणी कुठंय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे डायलिसिसची पाच मशीन आली. हार, नारळ, फोटो, सगळं झालं. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लांटचं टेंडर मात्र तोवर निघालंही नव्हतं. मिनिटाला ५०० मिली धरलं तर चार तासांच्या एका डायलिसिसला १२० लिटर द्रावण लागतं आणि त्याला नळाचं पाणी चालत नाही. मशीन सात महिने प्लास्टिकखाली पडून, वॉरंटी मात्र चालू. कळव्या-मुंब्र्याचे पेशंट आठवड्यातून तीनदा लोकलनं मुंबईला जात राहिले. "सिस्टर, कधी सुरू होणार?" "फाईल वर गेलीय."

पैसे कुणी खाल्ले नव्हते, काम कुणी टाळलं नव्हतं. स्टोअरनं आपलं केलं, बांधकामवाल्यांनी आपलं. कुठलं काम कशापायी अडलंय, हे एका कागदावर कुणी मांडलंच नव्हतं.

माझा भाचा घोडबंदर रोडच्या मेट्रोवर साइट इंजिनिअर आहे. त्यानं सामान मागवायच्या जुन्या इंडेंट बुकाच्या पाठकोऱ्या पानावर आडव्या पट्ट्या ओढून गँट चार्ट दाखवला, म्हणजे कुठलं काम कधी सुरू होऊन कधी संपणार याचा तक्ता. प्लंबिंगची पट्टी, विजेची, पाण्याचा नमुना तपासून येण्याची. ज्या साखळीतलं एक काम लांबलं की उद्घाटनच पुढे जातं, ती क्रिटिकल पाथ. आमची पाण्यातून जात होती आणि आम्ही मशीनच्या मागे धावत होतो!

क्रिटिकल पाथची ही पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्टच्या रसायन कारखान्यांसाठी निघाली. दवाखान्यात ती जास्तच लागते. पुलाच्या कामाला रस्ता बंद ठेवता येतो, वॉर्ड नाही ठेवता येत. इथं शेजारची भिंत फोडली की धुळीबरोबर बुरशी उडते आणि किमोच्या पेशंटच्या जिवावर बेतते. ती धूळ अडवण्याची पट्टी मेट्रोच्या चार्टात नसते. ती आम्हालाच काढावी लागेल.

म्हणून मागणी एवढीच. वैद्यकीय शिक्षण खात्याशी बोलून नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडून कामांच्या अशा आखणीवर छोटा अभ्यासक्रम करवून घ्या, मराठीतून. फक्त साहेबांना पाठवू नका, त्यांची बदली होते. इन्चार्ज सिस्टर, स्टोअरकीपर, बायोमेडिकल इंजिनिअर आणि विजेचे जेई (ज्युनिअर इंजिनिअर) एकाच बाकावर बसवा. उदाहरणं आमच्याच अडकलेल्या कामांची घ्या. कमी पडणार नाहीत.

आणि वर्ग दुपारी तीननंतर ठेवा. सकाळी राउंड असतो.

आपली,
एक इन्चार्ज सिस्टर, ठाणे